तेविसावी खुंटी

६ ऑक्टोबर, सोमवार

मोठ्या बाईंनी सकाळीच फर्मान काढलं: महिनाभर 'पानगळ'. झाडांना पानं गाळायला आमची परवानगी लागत नाही, पण अहवालाला लागते. नियोजनाच्या तक्त्यात सात रकाने. पाच सटासट भरले: पानं गोळा करणं, रंगांप्रमाणे लावणं, मोजणं, खडूनं छाप काढणं, पिशवीत हात घालून न बघता ओळखणं. सहावा, 'अपेक्षित परिणाम'. चार वर्षांच्या मुलाकडून माझी अपेक्षा एवढीच, की त्यानं वाळकं पान खाऊ नये. तिथं 'निरीक्षणशक्तीचा विकास' लिहिलं. सातवा रकाना 'समाजाचा सहभाग'. तो कोरा ठेवला. समाज त्या वेळी कामावर असतो.

एक वाजता, शाळा सुटताना, तमाशा. दारातला नियम माझाच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. घ्यायला कोणीही येवो, मदतनीस मावशी मुलाला विचारणार, "कोण आलंय?" मुलानं तोंडानं सांगायचं. मग वहीत सही, सहीपुढे नातं, आणि मग सुटका. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, मग तो खाऊ देवो नाहीतर राज्य देवो. आज हवालदार (वर्गातल्या सगळ्यांचे गुन्हे मला रोज कळवतो, म्हणून मी ठेवलेलं नाव) सकाळचा राग धरून बसला होता. वडील दारात. मावशीनं विचारलं, "कोण आलंय?"

"ओळखत नाही."

"अरे, मी बाबा!"

"सगळे असंच म्हणतात."

वीस मिनिटं उभे होते बिचारे. शेवटी त्यांनी सकाळच्या चापटीची माफी मागितली, तेव्हा ओळख पटली. मावशी पदरात तोंड घालून हसत होती. मी हसले नाही. नियम म्हणजे नियम.

घरी आले तर शेजारच्या काकूंनी सांगितलं, येत्या सोमवारपासून त्या लेकीच्या बाळंतपणाला जाणार. म्हणजे सकाळी आईपाशी कोणी नाही, आणि विसरायला लागल्यापासून तिला एकटं ठेवता येत नाही. रात्री धाकट्या भावाचा फोन. त्याला बातम्या कशा कळतात कोण जाणे.

"ताई, ती जागा खरंच चांगली आहे. बाग आहे. नर्स आहे. आत्ताच एक खोली रिकामी झालीय."

"कशानं रिकामी झाली, विचारलंस का?"

तो म्हणाला, "तू अशीच बोलतेस."

"महिना दे मला. मुलांना शिकवते, आईला शिकवीन. महिन्यानं दहापैकी आठ आणून दाखवते."

"ताई, ती काय परीक्षेला बसलीय?"

बसवते की नाही बघ, म्हटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आई चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होती. कानाला यंत्र लावून दिवसभर "कोण हवंय?" विचारायची आणि ज्याला जो हवा तो जोडून द्यायची. चारशे नंबर तोंडपाठ. गावात कोण कोणाला किती वाजता फोन करतं हेही पाठ, पण ते कधी बोलली नाही. आज न्हाणीघरात उभी राहून मला विचारत होती, ह्यातला गरम पाण्याचा नळ कुठला. मी सांगितलं. परत विचारलं. परत सांगितलं. चौथ्यांदा माझा आवाज चढला. वर्गात मी एकच गोष्ट तीस वेळा सांगते आणि आवाज चढत नाही, त्याबद्दल मला एकदा पुरस्कारही मिळालाय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सुचलं! सातवा रकाना. 'समाजाचा सहभाग: ज्येष्ठांसोबत पानगळ.' मोठ्या बाईंचे डोळे चमकले. "वा! फोटो काढा हं भरपूर." वर्गात दप्तरांच्या चोवीस खुंट्या आहेत, मुलं बावीस. तेविसाव्या खुंटीवर कागदाचं पिवळं पान चिकटवून 'आजी' लिहिलं. एका दगडात दोन पक्षी. माझ्या हुशारीची मलाच दृष्ट लागेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आई आली, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात दोऱ्यात ओवलेलं कागदी पान. खुंटीला पिशवी तिनंच लावली.

"ही कोणाची आजी?" पणपणनं विचारलं. ह्या मुलीचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू होतं किंवा 'पण'वर संपतं.

"सगळ्यांची."

"पण आधी कोणाची?"

उत्तर देणार, तेवढ्यात आईनंच खोलीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "ठमे, अगं किती ही पोरं!"

झालं. बावीस पोरं दिवसभर 'ठमी बाई, ठमी बाई' करत होती. हवालदारानं येऊन कळवलं, "बाई, सगळे तुम्हाला ठमी म्हणतायत. मी नाही म्हणत, ठमी बाई." सत्तावीस वर्षांची शिस्त साडेनऊ वाजता मातीत. मधल्या सुटीत आईला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आई, इथं मला बाई म्हणायचं. सगळे म्हणतात तसं. कोण आहे मी?"

"ठमी."

"बाई. म्हण."

"बाई."

तीनदा घोकून घेतलं. नवीन मुलांकडून घेते तसंच.

सुटताना मावशीनं गंमत केली. बाकावर बसलेल्या आईला विचारलं, "आजी, कोण आलंय घ्यायला?" आई म्हणाली, "ठमी आलीय माझी." मी वहीत सही केली. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. घरी येताना तिनं माझा हात धरला होता. पहिला दिवस: दहापैकी नऊ. एक गुण 'ठमे' ओरडण्याबद्दल कापला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पानं वेचायला गेलो. शाळेमागच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडं आहेत, खाली पाचोळ्याचा नुसता खच. प्रत्येकाच्या मनगटाला चिकटपट्टी उलटी गुंडाळली, चिकट बाजू वर. सापडेल ते तिच्यावर लावायचं: पान, बी, पीस. हवालदारानं मुंगळा लावला. तो सोडवून मुंगळ्याची माफी मागायला लावली.

आई जोडीजोडीच्या रांगेत पणपणचा हात धरून चालली. आईला कोणी शिकवलं नाही, पण रस्ता ओलांडताना तिनंच पणपणला थांबवलं, आधी इकडे बघितलं, मग तिकडे. तिच्या पट्टीवर पाच पानं, सगळी लाल. बाकीच्यांच्या पट्ट्यांवर अख्खा कचरा. निवड केली होती तिनं. मी वहीत लिहिलं: 'रंगांची ओळख उत्तम.'

आणि दिवसभरात एकदाही 'ठमी' नाही. "बाई, मी इथं बसू?" "बाई, पाणी." शिकतेय! धाकट्याला मेसेज केला. त्यानं नमस्काराचे दोन हात पाठवले. त्याला हल्ली बोटांचंही काम नको झालंय.

आई पट्टी काढू देत नाही. आंघोळ हात वर धरून केली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा. कापडी पिशवीत दहा वस्तू: वाळकं पान, बी, काटकी, साल, पीस, खडा, शेंग, गवत, शंख, लोकर. हात आत घालायचा, बघायचं नाही, नाव सांगायचं. हुशार मुलांना सहा-सात येतात. आईला आठ आले! आठ! अडखळत, थांबत थांबत, पण आठ. पणपण नेहमीसारखी तिला चिकटून, तोंड कानापाशी. दोघींच्या दिवसभर काय कानगोष्टी चालतात देव जाणे.

घरी पोचायच्या आधी धाकट्याला फोन लावला. "दहापैकी आठ म्हणाले होते ना?"

"छान झालं, ताई." थोड्या वेळानं, "घरी कशी आहे?"

ह्याला आनंदानं एक वाक्य बोलता येत नाही. लहानपणापासून असाच, वाढदिवसाला रडायचा.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

घरीही 'बाई' म्हणते. मी हसले. "आई, इथं ठमी म्हण, आपण घरी आहोत."

"बरं, बाई."

तिची जीभ पहिल्यापासून तिखट. आमच्या घराण्याचा हा एकच दागिना, तो माझ्याकडे आला. संध्याकाळी खिडकीशी बसून म्हणाली, "बाई, सुटी कधी व्हायची आज?" मी म्हटलं, आता थेट सोमवारीच शाळा. मान हलवली, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. जेवतानाही नाही.

दुपारी सुटताना मावशीनं गमतीनं विचारलं होतं, "आजी, कोण आलंय?" तर म्हणाली, "बाई." मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरोबरच आहे की! मीच शिकवलंय." मावशीनं पेन पुढे केलं, बोलली काही नाही. ही बाई तोंडानं गप्प बसून जेवढं बोलते, तेवढं मोठ्या बाई सभेतही बोलत नाहीत.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पानांचे छाप. कागदाखाली पान ठेवायचं, वरून मेणाचा खडू आडवा धरून फिरवायचा, शिरान्‌शिर उमटते. आई फार मन लावून खडू फिरवत होती. जवळ जाऊन बघितलं तर कागदाखाली पानच नाही. टेबलाच्या लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती, अजून पान दिसेल म्हणून. पुन्हा खडू. पुन्हा बघणं.

पणपणनं कोणाला दिसू नये असं हळूच एक पान कागदाखाली सरकवलं.

मी पाठ फिरवली आणि हवालदाराच्या नाकाला लागलेला रंग पुसला. त्याच्या नाकाला फारसा लागला नव्हता. वहीत आईच्या नावापुढे लिहिलं: 'स्वतंत्र शैली.' सत्तावीस वर्षं ज्या मुलांना काहीच येत नाही त्यांच्या नावापुढे मी हेच लिहीत आलेय. आईबापांना फार आवडतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पणपणला ताप, आली नाही. आज पुन्हा पिशवीचा खेळ. माझाच हट्ट, महिना संपत आला, धाकट्याला नऊ सांगायचे होते.

आईनं पिशवीत हात घातला आणि नुसती बसली. मी म्हटलं, "कसं लागतंय? गार? खरखरीत?" आईनं मान तिरकी केली, कान खांद्याकडे नेला, जुन्या दिवसांत यंत्रावर ऐकायची तशी. बराच वेळ. मग अगदी खात्यातल्या आवाजात म्हणाली, "लाइन लागत नाहीये. थोड्या वेळानं प्रयत्न करा."

हवालदार म्हणाला, "बाई, सोपं होतं, पान होतं." मी त्याला कोपऱ्यात उभं केलं. तो रडला. त्याचं बरोबर होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

पणपण आली. तिला बाजूला घेतलं.

"आजीला तू सांगत होतीस का, पिशवीत काय आहे ते?"

"हो."

"तुला कसं कळायचं?"

"पण मी आधी बघून ठेवायचे ना."

"अगं, ही कॉपी झाली!"

"पण तुम्हीच म्हणालात, ज्याला येत नाही त्याला मदत करायची. पण आजींना काहीच येत नाही. पण त्या कोणाला सांगत नाहीत. फक्त मला सांगतात."

"काय सांगते तुला?"

पणपणनं माझ्या कानाला तोंड लावलं. "त्या विचारतात, ह्या बाई चांगल्या आहेत ना? मी हो म्हणते."

चहा प्यायला स्वयंपाकघरात गेले. मावशीनं कपात ओतून दिला. तो गार झाला, तिनं परत गरम केला, परत गार झाला. धाकट्याचा फोन आला होता, घेतला नाही.

ठमी म्हणू नकोस, मीच सांगितलं. तीनदा घोकून घेतलं. एवढं एकच आईला ह्या महिन्यात पक्कं आलं. मी चांगली शिकवते, असं सगळे म्हणतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. तपासणी आहे, वर्गात बाहेरची व्यक्ती नको. फोटो भरपूर झालेत. "तुमच्या आई खूप गोड आहेत हो," असं म्हणून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. गोड म्हटलं की पुढचं वाक्य कडू असतं. पालकसभेत हा धंदा मीही करते. उद्याचा दिवस शेवटचा.

आईला सांगितलं, उद्याची शाळा झाली की सुटी. म्हणाली, "मग मुलगी नेईल मला?"

मी हो म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

क्रमानं लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

भिंतभर मुलांची कामं लावली होती. आईचा छापही लावला, लाकडाच्या रेषांचा. एक वाजता मुलं एकेक करून गेली. "कोण आलंय?" "काका." "कोण आलंय?" "आई." हवालदारानं "बाबा!" अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातलं मूल दचकून रडायला लागलं. पणपणनं जाताना आईच्या मनगटावरची पट्टी नीट केली. पानांचा चुरा झालाय, दोनच उरलीत.

मग बाकावर आई एकटी. वर तेविसावी खुंटी. मी एप्रन काढला, तिची पिशवी काढून तिच्या हातात दिली. "चल."

उठली नाही.

"चल आई, घरी जायचं."

"नाही," ती म्हणाली. अगदी सभ्यपणे. "ओळखीच्या माणसाबरोबरच जायचं, बाईंनी सांगितलंय. ठमी येईल मला घ्यायला."

"मीच ठमी आहे, आई."

माझ्याकडे बघून हसली, कीव आल्यासारखी. "सगळे असंच म्हणतात," म्हणाली.

हवालदाराकडून उचललं असणार. नको त्या गोष्टी मुलं बरोबर एकमेकांकडून शिकतात.

मी बाहेर गेले, मागच्या फाटकातून वळसा घालून पुढच्या दारात आले. केस मोकळे सोडून, चष्मा काढून. बावन्न वर्षांची बाई, काय सोंग ते. मावशीनं गंभीरपणे विचारलं, "आजी, कोण आलंय?" आईनं नीट बघितलं. "बाई," म्हणाली, आणि पिशवी छातीशी घट्ट धरली. ओढून नेता आलं असतं. तिचं वजन आता ते किती. पण बावीस मुलांना जे सांगितलं, ते तिनं एकटीनं जसंच्या तसं पाळलं होतं.

दोन वाजले. अडीच वाजले. मावशीची वेळ केव्हाच टळून गेली होती. ती झाडू घेऊन झाडलेलीच खोली परत झाडत होती. मला उभं राहवेना. आईशेजारी बाकावर बसले. बाक मुलांचा; गुडघे हनुवटीला आले.

बऱ्याच वेळानं आईनंच विचारलं, "तुला पण न्यायला आलं नाही का गं कोणी?"

"नाही."

"कोण येणार आहे?"

"आई," मी म्हटलं.

तिनं दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पदरानं माझं तोंड पुसलं. खसाखसा, मी पाच वर्षांची असताना पुसायची तसं, नाक लाल होईपर्यंत.

"अडकली असेल कुठे कामात. रडू नये. ऊठ, मी सोडते तुला." आणि उठली. इतके दिवस हात धरून उठवावं लागायचं तिला.

दारात मावशी आडवी आली. मला वाटलं, आता हसेल, नाहीतर रडेल. तिनं दोन्ही केलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "कोण आलंय घ्यायला?"

नियम माझाच. तोंडानं सांगितल्याशिवाय सुटका नाही.

"आई," मी म्हटलं.

मावशीनं वही आईपुढे धरली. आईनं पेन घेतलं आणि सही केली, खात्यातली, लफ्फेदार, जराही न अडखळता. नात्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही. तो मावशीनं भरला.

रस्ताभर माझा हात धरला होता. कोपऱ्यावर मला थांबवलं, आधी इकडे बघितलं, मग तिकडे. घर मला दाखवावं लागलं, पण दारापर्यंत सोडलं तिनं. आणि दारात म्हणाली, "जा आत. मी निघते, माझी मुलगी वाट बघत असेल."

८ नोव्हेंबर, शनिवार

धाकट्याला फोन केला. त्यानं काही विचारायच्या आत सांगितलं, "दहापैकी शून्य. आठ कधीच नव्हते."

"ताई, मी गुण विचारले होते का कधी?"

खरंच नव्हते विचारले. "ती खोली अजून आहे?"

"आहे. पण तू नको म्हणत असशील तर..."

"ती घरी मला घाबरते रे. सुटी व्हायची वाट बघत बसते. रोज, उशापाशी पिशवी घेऊन."

मग आम्ही दोघं बराच वेळ फोन धरून बसलो. मध्ये कोणी जोडून देणारं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रजा काढली. धाकट्यानं गाडी आणली होती. खोलीला खिडकी आहे. बाग आहे म्हणत होता, ती म्हणजे एक झाड आणि दोन बाकं. झाडाची पानं सगळी गळून गेलीत. माळी ढीग लावत होता, आई त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि त्यातून एक लाल पान निवडून घेतलं.

तिथल्या बाईंनी मला फॉर्म दिला. तरुण आहे, बरी वाटली. आईशी बोलताना खाली वाकून बोलत होती, मी मुलांशी बोलते तशी. 'सोबतच्या मौल्यवान वस्तू' ह्या रकान्यात लिहिलं: पानांची पट्टी, डाव्या मनगटावर, काढू नये. औषधं लिहिली. सवयी लिहिल्या. 'आवडीचे उपक्रम'पुढे पेन थबकलं, मग लिहिलं: कोणी हरवलं असेल तर घरी सोडणे.

धाकटा गाडीत जाऊन बसला. वाढदिवसाला रडायचा तसाच रडत होता.

फॉर्म दोनदा उलटून बघितला, पुढून, मागून. सगळे रकाने होते. 'घ्यायला कोण येणार' हा नव्हता. तिथल्या बाईंना विचारलं, तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इथं तसा लागत नाही, ताई."

फूटपट्टी मागून घेतली. खाली कोऱ्या जागेत सरळ रेघ मारून रकाना आखला आणि भरला: ठमी.